दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

आमच्या टीव्ही गेमला दोन रिमोट होते. वायरचे. एक नंबर आणि दोन नंबर. दिसायला जुळे: डाव्या हाताला फुली, उजव्या हाताला दोन तांबडी गोल बटणं. फरक फक्त मधोमध. एक नंबरच्या रिमोटवर मध्ये दोन लहान, लांबट बटणं होती, सिलेक्ट आणि स्टार्ट. दोन नंबरच्या रिमोटवर त्या जागी नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. म्हणजे दोन नंबरवाल्यानं खेळायचं, मरायचं, पण खेळ चालू करायचा नाही आणि मध्येच थांबवायचाही नाही. ही अक्कल कुठल्या शहाण्यानं लढवली मला ठाऊक नाही, पण त्याच्या घरी थोरली बहीण असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक नंबर अर्थातच ताईचा होता.

गेम आणला मामानं. मामा फौजेत होता आणि सुट्टीवर येताना दरवेळी अशी एखादी वस्तू आणायचा, जिचं घरात काय करायचं हे कुणालाच कळायचं नाही. एका वर्षी त्यानं बर्फात घालायचे लोकरी मोजे आणले होते. सांगलीत! आईनं ते पितळेची भांडी घासायला काढले. त्यामुळे टीव्ही गेम आला तेव्हा आईनं त्याच्याकडेही त्याच नजरेनं पाहिलं. पण या खेपेला मामाचा नेम बरोबर लागला. आमचा टीव्ही कृष्णधवल, आवाज चढवला की चित्र थरथरणारा. त्या पडद्यावर दोन रणगाडे उतरले, एक फिक्का आणि एक गडद, आणि आमच्या सुट्ट्या मार्गी लागल्या.

त्या गेममध्ये पडद्याच्या तळाशी विटांच्या आडोशाला एक पक्षी बसलेला असायचा. वरून शत्रूचे रणगाडे यायचे आणि आपण दोघांनी मिळून पक्ष्याला वाचवायचं. फिक्का रणगाडा ताईचा, गडद माझा. आपल्याच माणसाची गोळी लागली तर मरण नसे, पण थोडा वेळ जागच्या जागी खिळून राहावं लागे. ताई मला मुद्दाम खिळवायची.

"ताई, बघ हां! मी न्हाई खेळत."

"मग मधी मधी कशाला कडमडतोस? सरक की रं बाजूला."

ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. घरात कामसू, पाहुण्यांपुढे मान खाली घालून पोहे देणारी, शेजारणी जिचं उदाहरण देऊन आपापल्या मुलींना बोलायच्या अशी. पण रिमोट हातात आला की तिच्या जिभेचं टोक बाहेर यायचं, ओढणी कमरेला बसायची आणि गोळी झाडताना ती स्वतःच हातभर पुढं सरकायची. ती ताई माझ्याशिवाय कुणी पाहिलेली नव्हती. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, ते यायच्या आत गेम गुंडाळून ठेवलेला असे. आईला तिचा आवाज ऐकू यायचा, पण तो माझ्यावर ओरडण्याचाच असणार असं ती धरून चालायची.

खेळ ऐन रंगात आला की आई हाक मारायची. "अगं, दूध ठेवलंय, बघ जरा." ताई स्टार्टचं बटण दाबायची. तेच पॉजचंही बटण होतं. पडदा होता तसा थांबायचा. गोळ्या हवेत, रणगाडे जागेवर. रिमोट खाली ठेवून ती उठायची आणि जाता जाता सांगायची, "हलू नगंस. आले."

मी हलणार कसा? माझ्या रिमोटला स्टार्टच नव्हतं. पण मी खरंच हलायचो नाही. हातात दोन नंबर धरून त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसायचो. मग ती ओले हात ओढणीला पुसत यायची, बसायची, स्टार्ट दाबायची, आणि सगळं पुन्हा चालू व्हायचं. ती आली नाही असं कधी झालं नव्हतं.

ताईचं लग्न ठरलं ते साताऱ्यातलं स्थळ. मी आठवीत होतो. हळदीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या खोलीत टीव्हीच्या टेबलावरच रुखवत मांडून ठेवलेलं: क्रोशाचे रुमाल, मण्यांचा पोपट, वायरच्या पिशव्या, खोबऱ्याचं नक्षीकाम, शंकरपाळ्यांची तुळस. दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा ताई न्हालेले केस सोडून त्या खोलीत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "चल, एक डाव."

"आत्ता? बाहेर एवढी माणसं हायेत."

"म्हणूनच. बस गुमान."

आम्ही आवाज बंद करून खेळलो. तिनं मला एकदाही खिळवलं नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. पुढचा टप्पा नुकता लागला होता तोच बाहेरून हाका सुरू झाल्या. नवरीला आणा, नवरीला आणा. ताईनं स्टार्ट दाबलं. पडदा थांबला. तिनं एक नंबरचा रिमोट रुखवताच्या कडेला ठेवला आणि नेहमीसारखंच म्हणाली, "हलू नगंस. आले."

मी बसलो. थोड्या वेळानं मामी आत आली. "आरं, तिकडं बहिणीला हळद लागली आन् तू हितं टीव्ही बघत बसलायस व्हय? जा, पत्रावळ्या मोजून आण." मी गेलो. परत आलो तेव्हा टीव्ही बंद, टेबल भिंतीला, आणि खोलीत सतरंजी अंथरून पाहुणे पहुडलेले होते.

मामीचा कामाचा उरक दांडगा. दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या गडबडीत तिनं टेबलावरचं सगळं रुखवत रुमालांसकट उचलून ट्रंकेत भरलं. त्यात वायर गुंडाळलेला एक नंबरचा रिमोटही गेला. हे अर्थात मागाहून कळलं. त्या रात्री पाठवणी झाली, आई माजघरात पडून राहिली, आणि मी कुणाशी बोलायला नको म्हणून टीव्ही लावला. गेमची यादी आली. बाण लुकलुकत राहिला. माझ्या हातात दोन नंबर. मी पलंगाखाली शोधलं, कोनाड्यात शोधलं, पाहुण्यांच्या पिशव्या चाचपल्या. बाण आपला लुकलुकतोच आहे.

मांडवपरतणीला ताई आली तेव्हा उलगडा झाला. सासरी बायकांनी कौतुकानं रुखवताची ट्रंक उघडली, एकेक वस्तू हातोहात फिरली आणि मण्यांच्या पोपटापाठोपाठ निघाला रिमोट. चार जणींनी उलटसुलट करून पाहिला. बटणं आहेत म्हणजे टीव्हीचाच असणार, यावर एकमत झालं. ताईच्या सासूबाई म्हणाल्या म्हणे, "रिमोट पुढं धाडलाय. मागनं टीव्ही येतोय वाटतं." सगळ्या हसल्या, आणि रिमोट इतर रुखवतासोबत शोकेसमध्ये जाऊन बसला.

ताई हे हसत हसत सांगत होती, पण आईचा चेहरा पडला. टीव्ही द्यायची आमची ऐपत नव्हती. द्यायचा ठरलाही नव्हता. पण वस्तू रुखवतातून गेली म्हणजे ती दिली, आणि दिलेलं मागायचं नसतं. त्यातून ही मागायला गेलो तर टीव्हीचा विषय निघणार.

"त्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाई," आईनं मला दटावलं. "तुझ्या खेळापायी तिला बोल लागायला नको."

"ताई, तू सांगितलं न्हाईस त्यांना, तो गेमचा हाय म्हणून?"

नव्या सुनेनं सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तो माझा खेळायचा आहे? हे मला तेव्हा कळलं नाही. ताईनं नुसतं माझ्या डोक्यावर टपली मारली. "पुढच्या खेपेला आणते गुपचूप."

पुढच्या खेपेला तिनं आणला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शोकेस काचेचं आणि समोरच्या खोलीत. वस्तू हलली की दिसणार.

मीही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. सांगलीत मिळतील तेवढे रिमोट लावून पाहिले. वर्गातल्या एकाच्या रिमोटला पंधरा भोकांचा प्लग, आमच्याला नऊचा. इस्लामपूरच्या मावसभावाचा रिमोट नऊचा निघाला, तर तो लावल्यावर डावीकडे दाबलं की गोळी सुटायची आणि स्टार्ट दाबलं की काहीच व्हायचं नाही. दिसायला सगळे एका कारखान्यातले, आतून एकाचं एकाला कळत नाही. शेवटी आईनं गेम फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. दोन नंबर तेवढा मी माझ्या कपाटात ठेवला.

ताई सणावाराला यायची. यायची आणि झोपायची. माहेरी आलेली बाई इतकी झोपते हे मला माहीत नव्हतं. उठली की आईपाशी स्वयंपाकघरात, मग शेजारणी, मग तिला लेक झाली, मग लेकीचं दूध, लेकीचा खोकला. मी जवळ जाऊन बसलो की विचारायची, "अभ्यास कसा चाललाय?" आईसारखी. मला तिचा राग यायचा. मला वाटायचं, ही माझी ताई नव्हे, कुणाची तरी सून आमच्याकडे मुक्कामाला आली आहे. सगळे म्हणायचे, पोरगी छान रुळली सासरी. ते ऐकून आई सुखावायची आणि मी उठून बाहेर जायचो. मला ती परत पाहिजे होती. जिभेचं टोक बाहेर काढून माझ्यावर गोळी झाडणारी. दुसरं काही नको होतं.

बारावीनंतर इंजिनिअरिंगला कराडला गेलो. साताऱ्याची गाडी इथूनच जाते, सांगलीची इथूनच, आणि मी मध्ये. एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्यातल्या आष्ट्याच्या मित्राकडे सुटे भाग जुळवून घेतलेला कॉम्प्युटर होता, त्यामुळे बाकीचे तिघं त्याचे कपडे वाळत घालण्यापासून सगळं करायला तयार असायचे.

एकदा तो कॉम्प्युटर सरकवताना त्याच्या पाठीमागे मला ओळखीचं तोंड दिसलं. नऊ पिना. वर पाच, खाली चार. माझ्या दोन नंबरच्या प्लगला नऊ भोकं, वर पाच, खाली चार. तो मी घरून बरोबर आणला होता. धावत जाऊन माझ्या ट्रंकेतून काढला आणि लावला. चपखल बसला. बटणं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली.

मित्र कॉटवरून बघत होता. "बसलं म्हंजे झालं व्हय? आरं, ते तोंड मोडेमला नायतर माउसला असतंय. तुझा रिमोट बोलतोय एका भाषेत आन् हे ऐकतंय दुसऱ्याच. काढ आदी, जळलं तर तुला इकून बी भरून यायचं न्हाई."

पण तो गडी मनाचा मोठा. मी त्याला सगळं सांगितलं, रुखवतापासून. आधी तो पोट धरून हसला, मग रिमोट मागून घेऊन उलटसुलट पाहिला. आठवड्याभरात एका सीनियरकडून छापील कागद पैदा करून आला. त्यात चित्र होतं: असा रिमोट प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या तोंडाला जोडता येतो, मध्ये पाच डायोड घातले की झालं. कॉम्प्युटर त्या तोंडातूनच रिमोटला वीज पुरवतो आणि त्यातूनच कुठलं बटण दाबलं ते विचारतो. आम्ही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून प्लग आणले. सोल्डरिंगचे डाग देताना माझी बोटं भाजली. चित्रातले वायरचे रंग आणि आमच्या रिमोटमधले रंग यांचा काही संबंध नव्हता, म्हणून एकेक वायर मीटर लावून शोधावी लागली. पहिल्या दिवशी वर दाबलं की रणगाडा खाली जायचा. तेही निस्तरलं. पुण्याहून कुणीतरी तोच जुना गेम फ्लॉपीवर आणून दिला.

आणि एका संध्याकाळी पडद्यावर रणगाडा आला. रंगीत. मी बघतच राहिलो. इतकी वर्षं मी ज्याला फिक्का म्हणत होतो तो ताईचा रणगाडा पिवळाधमक होता. माझा गडद, तो हिरवा.

की-बोर्डवरचं एक बटण स्टार्टचं काम करत होतं. म्हणजे आता मला एक नंबरची गरजच उरली नव्हती. मी स्वतः चालू करू शकत होतो, स्वतः थांबवू शकत होतो. लहानपणी यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. मी चालू केलं, पिवळा रणगाडा घेऊन थोडा वेळ खेळलो. मजा आली नाही. दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखं वाटत होतं. आम्ही जोडणीला दोन रिमोटची सोय केली होती, एक आणि दोन. मी माझी वायर काढून दोनमध्ये लावली. एकचं तोंड मोकळं राहिलं आणि मी कॉम्प्युटर बंद केला.

त्या वर्षी पंचमीला ताईला आणायला मी जायचं ठरलं. आमच्याकडे लेकीला सणाला न्यायला मुराळी धाडतात. दरवेळी वडील नाहीतर मामा जायचे. मी वडिलांना सांगितलं, मी कराडातच आहे, मी जातो. खरं कारण आईला कळलं असतं तर तिनं मला बसमधून खाली ओढलं असतं.

साताऱ्यापर्यंत मी वाक्य घोकत गेलो. घरात शिरलो आणि पहिली नजर शोकेसवर गेली. मण्यांचा पोपट, क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर माझा, म्हणजे ताईचा, एक नंबर. वायरची वेटोळी नीट बांधलेली होती.

"या पावणं," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. "ह्या खेपेला तुमास्नी धाडलं व्हय मुराळी म्हणून?"

चहा झाला. ताई आत पिशव्या भरत होती. मी घोकलेलं वाक्य काढलं. "मावशी, ती शोकेसमधली वस्तू... जरा कॉलेजच्या कामाला पायजे होती."

सासूबाईंनी शोकेसकडे बघितलं, मग माझ्याकडे. "न्या की. पर त्येचा टीव्ही कुटं हाय, त्यो आना आदी. सहा वर्सं झाली, वाट बघाय लागलोय."

आईनं जे सांगितलं होतं तेच झालं होतं. मी कप खाली ठेवला, शब्द शोधू लागलो, तर बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आवं, चेष्टा केली! कसं घाबरलं बघा पोरगं. आमच्यात टीव्ही न्हाई व्हय? मला काय कळत न्हाई व्हय त्यो कशाचा हाय त्ये?" त्यांनी काच सरकवली, रिमोट काढला, पण माझ्या हातात दिला नाही. "पर ही वस्तू माझी न्हवं. तिचं लय ध्यान असतंय हेच्यावर. दुपारचं आमी जरा आडवं झालो की काढून पुसत बसती. तिला इचारा."

ताई दारात येऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"घेऊ का बरोबर, आत्याबाई?"

"घे की बाई. तुजाच हाय."

सहा वर्षं आमच्या आईनं ज्या विषयाची धास्ती घेतली होती, तो एका चेष्टेत संपला. सासूबाईंनी मोकळ्या जागेवर पोपट सरकवला आणि काच लावली.

बसमध्ये भाची खिडकीसाठी भांडून भांडून झोपली. कराड यायला लागलं तसं मी म्हणालो, "ताई, इथं उतरू. तासाभरानं पुढची गाडी हाय."

"आई वाट बघत बसली असंल रं."

"तासभरच."

ती पिशवी घेऊन उठली. रिमोट सगळ्यात वर होता.

माझ्या मित्रांनी खोली झाडून ठेवली होती, ही ऐतिहासिक गोष्ट. आष्ट्याचा मित्र इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा. त्यानं ताईला खुर्ची दिली, भडंगाची पुडी ठेवली, "चहा सांगून येतो" म्हणाला आणि शहाण्यासारखा परत आलाच नाही. भाचीला त्याच्या कॉटवर झोपवलं. मी एक नंबरचा प्लग त्या मोकळ्या तोंडात लावला. आमचाच तो, नऊ भोकांचा. पडदा उजळला.

"अगंबाई!" ताई पुढं वाकली. "मी पिवळी हाय व्हय?"

"मला बी इथंच कळलं. मी हिरवा."

ती हसली. फुली दाबून बघितली, चालली. मग अंगठा मधल्या बटणावर नेला आणि स्टार्ट दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तिचा चेहरा इतका उतरला की मी घाईघाईनं की-बोर्ड ओढला. "थांब, हितनं होतंय चालू."

"नगं." तिनं माझा हात धरला. "तू नगं चालू करूस."

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन रिमोट उघडला. आत प्रत्येक बटणाखाली रबर असतं आणि रबराला काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका खालच्या पट्टीला टेकतो, एवढीच त्याची युक्ती. फुलीचे ठिपके शाबूत होते. गोळीच्या बटणाचेही जवळपास नवे. पण स्टार्टच्या खालचा ठिपका झिजून पांढरा झाला होता, रबर एका कडेनं फाटलं होतं. आम्ही खेळायचो तेव्हा स्टार्ट असं कितीसं दाबलं जायचं? डावाच्या सुरुवातीला, आणि आईनं हाक मारली तर. एवढ्यानं ते झिजायचं काही कारण नव्हतं. ते साताऱ्यात झिजलं होतं. शोकेसमध्ये. कशालाही न जोडता.

"ताई, हे तू..."

ती लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती. "दुपारची सगळी निजली की काढायची मी. आत्याबाईंना वाटायचं पुसतीया."

"पण नुसतं स्टार्टच?"

"मग? हळदीला पॉज करून गेले न्हवते का? हलू नगंस म्हणून सांगितलं होतं तुला." ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "म्हटलं, पोरगं तसंच बसलं असंल तिकडं. चालू करून द्यावं."

सहा वर्षं मी समजत होतो की वाट मीच एकटा बघतोय. ती येऊन झोपायची, अभ्यासाचं विचारायची, आणि मी मनातल्या मनात तिच्यावर रुसून बसायचो. आणि तिकडे ही बाई भर दुपारी, कुणाला दिसू न देता, माझ्यासाठी खेळ चालू करत होती. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन खाली मान घालून बसलो. वर बघितलं असतं तर रडलो असतो.

मग माझ्या लक्षात आलं, की सिलेक्ट आणि स्टार्टचं रबर एकाच पट्टीत असतं. सिलेक्ट आम्ही कधी फारसं वापरलं नव्हतं. मी ती पट्टी उलटी फिरवून बसवली. नवा ठिपका स्टार्टखाली आला, झिजलेला सिलेक्टखाली. स्क्रू आवळले आणि रिमोट तिच्या हातात दिला.

तिनं स्टार्ट दाबलं. रणगाडे उतरले.

पहिली काही मिनिटं तिचा अंगठा अडखळत होता. मग पदर कमरेला गेला. मग जिभेचं टोक बाहेर आलं. मी वरच्या कोपऱ्यात शत्रूच्या मागे लागलो होतो तेवढ्यात माझा हिरवा रणगाडा जागच्या जागी खिळला.

"ताई, बघ हां!"

"मधी कशाला कडमडतोस?"

सांगलीची गाडी गेली असावी. आम्ही दोघांनीही घड्याळाकडे बघितलं नाही. तिसरा का चौथा टप्पा चालू होता, तेव्हा कॉटवरून भाची रडत उठली. अनोळखी खोली, अनोळखी भिंती. ताईचा अंगठा आपोआप मध्ये गेला. पडदा थांबला. गोळ्या हवेत, रणगाडे जागेवर. तिनं रिमोट खाली ठेवला आणि उठता उठता म्हणाली, "हलू नगंस. आले."

ती लेकीला खांद्यावर घेऊन खिडकीशी गेली. पाठीवर थोपटत राहिली, बाहेर कावळा दाखवत राहिली. मी हललो नाही. की-बोर्ड हाताशी होता, त्याला बोट लावलं नाही. दोन नंबर धरून त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसलो.

भाचीचं रडणं थांबलं. ताई परत आली, लेकीला मांडीवर नीट बसवलं, एक नंबर उचलला आणि स्टार्ट दाबलं.